साठ ते एकोणसत्तर

शेषगिरी अण्णांना कुणी "कसे आहात" म्हणून विचारलं, तर "बरा आहे" असं ते कधी म्हणायचे नाहीत. "मध्यावर आहे," म्हणायचे. म्हणजे ऑफिसातल्या निम्म्या लोकांपेक्षा बरा आणि निम्म्यांपेक्षा वाईट. पहिल्या आठवड्यात मला या उत्तराचं हसू आलं आणि दुसऱ्या आठवड्यात वैताग. पुढं सात वर्षं मी त्यांच्या समोरच्या टेबलावर बसले आणि हे उत्तर रोज ऐकलं.

ऑफिस म्हणजे निवड-परीक्षांचं एक लहानसं सरकारी खातं. बंगळूरच्या ॲव्हेन्यू रोडच्या मागच्या गल्लीत, कागदाच्या घाऊक दुकानांच्या डोक्यावर. आमच्या विभागात आम्ही दोघंच होतो. अण्णा पंचेचाळिशीचे, बारीक, बंद गळ्याचा कोट, कपाळावर काळी उभी रेघ. मी चोवीस वर्षांची, निपाणीहून आलेली, अजून कायम न झालेली. वयानं मी त्यांच्या मुलीसारखी, तरी मला ते "अहल्याक्का" म्हणायचे, कारण या गावात तशीच रीत. त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडं आलेलं. घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, ऑफिसात इंग्रजी. त्यांची मराठी ऐकून आमच्या निपाणीत लोक पोट धरून हसले असते. त्यांचं मत मात्र असं की मराठी बिघडवली आहे ती आम्ही लोकांनी.

मी १९६१ च्या जूनमध्ये रुजू झाले. त्या वर्षी खात्यानं गणिताच्या शिष्यवृत्तीची नवी परीक्षा सुरू केली होती. कॉलेजात नुकत्याच गेलेल्या मुलामुलींसाठी. मिळाली तर बी.एस्सी.ची तीन वर्षांची फी, पुस्तकं आणि दर महिन्याला घरी थोडी मदत. प्रत्येक केंद्राची प्रश्नपत्रिका वेगळी. धारवाडची सोपी, बंगळूरची अवघड, असं काहीही होऊ शकत होतं. म्हणून नुसते मार्क मोजायचे नाहीत असं ठरलं. आपल्या केंद्रावर शंभरातल्या किती जणांच्या पुढं तुम्ही आहात ते बघायचं. त्यालाच पर्सेंटाइल म्हणायचं. पंच्याहत्तर किंवा वर असेल तर शिष्यवृत्ती, खाली असेल तर दिलगिरीचं छापील पत्र.

बंगळूर केंद्रावर नेमकी हजार मुलं बसली. हजार फॉर्मच छापले होते, एवढंच त्याचं कारण.

मार्कांच्या याद्या आमच्याकडं आल्या. अण्णा वाचायचे, मी खुणा करायची. शून्यापासून शंभरापर्यंत प्रत्येक मार्काला एक ओळ. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. अण्णांचा आवाज एकसुरी होता आणि दुपारी दोननंतर तो ऐकत जागं राहणं म्हणजे शिक्षाच. अठ्ठेचाळीस. एकतीस. साठ. साठ. त्रेपन्न. साठ. हळूहळू माझी साठाची ओळ कागदाच्या कडेला जाऊन भिडली आणि मला खाली दुसरी ओळ काढावी लागली.

"साठाला पहिला वर्ग मिळतो की," अण्णा म्हणाले. "अठ्ठावन्न, एकोणसाठ देताना परीक्षकाचा हात थरथरतो. ढकलून देतात पुढं."

खरंच, एकोणसाठाच्या ओळीत एकच रेघ होती.

शेवटची यादी संपली ती कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी, दुपारी अडीचला. त्या दिवशी बसवनगुडीत शेंगदाण्यांची जत्रा असते, कडलेकाई परिशे. खेड्यापाड्यांतले शेतकरी नव्या शेंगांचे ढीग घेऊन येतात आणि नंदीच्या देवळापासून खाली रस्ताभर शेंगाच शेंगा. अण्णांचं घर तिथून जवळच. महिनाभर ते मला या परिशेच्या गोष्टी सांगत होते, आणि मला ती बघायचीच होती. काम उरलं होतं ते एकच. एकेका मार्काच्या त्या सगळ्या ओळी एकत्र करून वर्ग पाडायचे, तक्ता करायचा, चार प्रती टाइप करायच्या, आणि दोघांनी दोनदा तपासून सही करायची. वर्ग पाच-पाच मार्कांचे की दहा-दहांचे, ते विभागानं सोयीनं ठरवावं असा हुकूम होता.

अण्णा म्हणाले, पाचाचे घेऊ. साठाला गर्दी आहे, दहाच्या वर्गात ती दडून जाईल.

पाचाचे म्हणजे वीस ओळी, चार प्रती, आणि घरी जायला सहा. मी म्हटलं, दहाचे घ्या ना अण्णा. मी म्हटलं, कोण बघतंय. मी म्हटलं, माझी बोटं दुखताहेत, आणि हे काही खोटं नव्हतं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं आणि "सरी, बरं, दहाचेच घेऊ" म्हणाले. कुणाला नाही म्हणायचं त्यांना जमायचं नाही. हा त्यांचा दोष मी माझ्या सोयीसाठी किती वेळा वापरला, ते आता मोजत नाही.

साडेचारला आम्ही बाहेर पडलो. परिशे छान होती.

आता विमलाबद्दल सांगते. ती अण्णांच्या बहिणीची मुलगी. अनुसूयाक्का तरुणपणी विधवा होऊन भावाकडं आल्या, तेव्हा विमला तीन वर्षांची. अण्णांनी लग्नच केलं नाही. लोक विचारायचे तेव्हा म्हणायचे, राहून गेलं. रविवारी मी त्यांच्याकडं जेवायला जायची, कारण मी राहत होते तिथं सांबाराशिवाय काही शिजत नसे आणि अनुसूयाक्कांच्या हातचं पिठलं मला निपाणीची आठवण करून द्यायचं. जेवण झालं की मामा-भाची पाटी घेऊन बसायचे. इतर घरांत मामा भाचीला गोष्टी सांगतात. हे गृहस्थ सरासरी शिकवायचे.

पर्सेंटाइलही त्यांनीच तिला शिकवलं, माझ्यासमोर. आपल्याला एकेकाचे मार्क माहीत नाहीत, नुसता वर्गांचा तक्ता आहे, असं धर. मग तुझ्या वर्गाच्या खाली किती जण आहेत ते आधी मोज. ते सगळे तुझ्या मागं, त्यात वाद नाही. आता तुझ्या वर्गात तू किती आत आलीस ते बघ. वर्ग दहाचा आणि तू पाच मार्क आत असलीस, तर त्या वर्गातले निम्मे तुझ्या मागं धरायचे.

विमलानं विचारलं, निम्मेच कशावरून.

तर अण्णा म्हणाले, पंगतीत पानं सारख्या अंतरावर मांडतात ना, तसे वर्गातले लोक सारखे पसरून बसलेत असं धरून चालायचं. ती म्हणाली, आणि नसले बसले तर? अण्णा हसले. म्हणाले, स्वल्प चूक येते. चालवून घ्यायची.

विमला सतरा वर्षांची होती, उंच, बोलायला तोडून टाकल्यासारखी. ती त्या परीक्षेला बसली होती. अण्णांनी ऑफिसात तसं लिहून दिलं होतं, आणि तिचा नंबर ज्या यादीत होता ती दुसऱ्या विभागातल्या माणसानं येऊन वाचली. तिला किती मार्क पडले, ते अण्णांना ठाऊक नव्हतं. मला तर नव्हतंच. मी नुसत्या रेघा मारत होते.

घरात एकच गोष्ट ठरायची होती. अनुसूयाक्का पापड-संडगे करून विकायच्या, पण त्यांची दृष्टी कमी होत चालली होती. टेलिफोनच्या कारखान्यात मुलींची भरती सुरू होती आणि विमलाचं तिथं नाव लागलं होतं. एक जूनला हजर व्हायचं. शिष्यवृत्ती मिळाली तर पुढचं कॉलेज, नाही तर कारखाना. कारखाना वाईट नव्हता, हे मी आजही म्हणते. शेकडो मुली तिथं मान वर करून कमवायला लागल्या. पण या मुलीला गणित हवं होतं. जेवताना ती पानाकडं न बघता कुठंतरी बघत बसायची, आणि अनुसूयाक्का म्हणायच्या, बघा, जेवतेय की भागाकार करतेय.

तक्ता मंजूर झाल्यावर नव्वद दिवसांनी मूळ याद्या नष्ट करायच्या, असा नियम होता. मार्चमध्ये त्या पाण्यात भिजवून लगद्यासाठी पाठवल्या. कागदावर सही अण्णांची. सगळ्या केंद्रांचे निकाल एकदम लावायचे म्हणून पत्रं निघाली ती एप्रिलमध्ये.

विमलाच्या पत्रात लिहिलं होतं: मार्क बासष्ट, पर्सेंटाइल चौऱ्याहत्तर पूर्णांक सात. दिलगीर आहोत.

दुसऱ्या दिवशी अण्णा ऑफिसात आले, कोट न काढताच बसले आणि तक्ता पुढं घेतला. मला वाटलं, आकडेमोडीत चूक सापडते का ते बघताहेत. चूक नव्हती. साठाच्या खाली सातशे दोन मुलं. साठ ते एकोणसत्तर या वर्गात एकशे ऐंशी. हिशेबात हा वर्ग साडेएकोणसाठपासून धरतात, म्हणून बासष्ट म्हणजे अडीच मार्क आत. दहातले अडीच म्हणजे पाव. एकशे ऐंशीचा पाव पंचेचाळीस. सातशे दोन आणि पंचेचाळीस मिळून सातशे सत्तेचाळीस. हजारातले सातशे सत्तेचाळीस म्हणजे चौऱ्याहत्तर पूर्णांक सात. कुठं एक रेघ इकडची तिकडं झालेली नव्हती.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "अहल्याक्का, ते खुणांचे कागद फेकले काय?"

फेकले नव्हते. माझ्या खणात डब्याखाली अंथरले होते, तेलाचे डाग पडलेले. मी काढून दिले. अण्णांनी बोट ठेवून रेघा मोजल्या. साठाला एकाहत्तर. एकसष्टला वीस. बासष्टला सोळा. त्रेसष्टला तेरा, चौसष्टला दहा. पुढच्या पाच मार्कांत मिळून फक्त पन्नास.

एकशे ऐंशीतले एक्क्याण्णव जण प्रत्यक्षात तिच्या मागं होते आणि तक्त्यानं पंचेचाळीसच धरले होते. खरं बघितलं तर हजारात सातशे त्र्याण्णव तिच्या खाली. आणि आपण पाचाचे वर्ग घेतले असते तर? अण्णांनी तेही मांडलं, माझ्यासमोरच मांडलं. साठ ते चौसष्ट एकशे तीस. पाचातले अडीच म्हणजे निम्मे, पासष्ट. सातशे सदुसष्ट. शहात्तर पूर्णांक सात. ती आत आली असती. ती आणि बासष्टवाले उरलेले पंधराही.

ते माझ्याकडं बघून एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

आमचे साहेब रघुपती म्हणून होते. माणूस वाईट नव्हता, आणि अण्णांची अडचण तिथंच झाली, कारण वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यांनी अण्णांना बसवून घेतलं, कागद पाहिले, गणित समजून घेतलं. मी दाराशी फायली घेऊन उभी होते. साहेबांनी विचारलं, यावर सही कुणाची. कुणाचीच नाही, कच्चे कागद. मूळ याद्या? नष्ट केल्या. कुणाच्या सहीनं? माझ्या. आणि या सोळांत तुमच्या ओळखीचं कुणी आहे का, शेषगिरी?

अण्णा म्हणाले, बहिणीची मुलगी आहे.

साहेबांनी कागदांची घडी करून ते अण्णांपुढं सरकवले. मग म्हणाले, "तुमचं गणित बरोबर आहे. पण हे तुम्ही सांगायला नको होतं. दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं होतं."

ते दुसरं कुणीतरी दारात उभं होतं. रेघा माझ्या हातच्या होत्या. माझी बासष्टवाली कुणी भाची नव्हती. मी आत जाऊन म्हणू शकले असते की साहेब, हे कागद मी केलेत, सही करते. जुलैमध्ये माझं कायम होण्याचं प्रकरण साहेबांच्या टेबलावर जायचं होतं. आणि सही केली की दहाचे वर्ग का घेतले हा पुढचा प्रश्न होताच. मी फायली टेबलावर ठेवल्या आणि बाहेर आले.

अण्णांनी मला त्याबद्दलही काही म्हटलं नाही. त्यांनी सोळाजणांच्या वतीनं अर्ज लिहिला, साहेबांनी तो सज्जनपणे वर पाठवला. अण्णा रोज टपालाची वाट बघायचे. त्या दिवसांत कुणी "कसे आहात" म्हटलं की ते नुसती मान हलवायचे. चहाच्या सुट्टीत ते कागद काढायचे आणि परत मांडायचे, जणू या खेपेला उत्तर वेगळं येईल. मला त्यांची दया यायची आणि दयेपेक्षा जास्त राग. एकदा मी ओरडलेच, की अण्णा, आता पुरे करा. त्यांनी निमूटपणे कागद घडी करून ठेवले.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं. चार ओळींचं. मंजूर तक्ता अंतिम आहे. पर्सेंटाइल तक्त्यावरूनच काढायचं, असा नियम आहे. वर्गाची रुंदी विभागानं स्वतः ठरवलेली आहे, सबब तक्रारीला जागा नाही.

ती तिसरी ओळ अण्णांनी दोनदा वाचली. मग पत्र फायलीत लावलं, फायलीवर क्रमांक घातला आणि त्या दिवशीचं काम करत बसले. पुढं अडुसष्टमध्ये त्याच हुद्द्यावरून ते रजा घेऊन गेले ते परत आले नाहीत. छातीचं दुखणं होतं. तोवरची सगळी वर्षं आमच्या विभागात तक्ते पाचाचे झाले. कुणी विचारलं नाही, त्यांनी कारण सांगितलं नाही. संध्याकाळचे सात वाजले तरी मी बोटं दुखतात म्हणून तोंड उघडलं नाही. विमला कारखान्यात चांगली टिकली, लवकरच मुलींच्या गटाची प्रमुख झाली. बरं झालं म्हणायचं. मी म्हणतेही.

पण मला त्या मेमधला शेवटचा रविवार सांगायचा आहे.

मी नेहमीप्रमाणे जेवायला गेले होते. पाच दिवसांनी विमलाला हजर व्हायचं होतं. अनुसूयाक्का आतल्या खोलीत तिचं जुनं पातळ उसवून झोळणा शिवत होत्या, डबा न्यायला. आम्ही तिघं पडवीत. माझ्या हातात कॉफीचा पेला. विमलानं कुठूनसा छापील तक्ता मिळवला होता. निकालाबरोबर कॉलेजांना एकेक प्रत गेली होती. ती तो मांडीवर घेऊन बसली होती आणि पेन्सिलीनं कडेला काहीतरी लिहीत होती.

"मामा, साठाला पुष्कळ होते ना?" ती म्हणाली.

अण्णा म्हणाले, होते.

"तरी पण सगळे सारखे बसलेत असं धरलं."

तक्त्यात तसंच धरतात, अण्णा म्हणाले.

मग तिनं विचारलं, साठ ते चौसष्ट असा वर्ग असता तर माझं किती आलं असतं. तिच्याकडं साठ ते चौसष्टचा आकडा नव्हता, म्हणून तिला मांडता येत नव्हतं. अण्णांनी पाटी मागितली नाही, पेन्सिल मागितली नाही. "शहात्तर पूर्णांक सात," ते लगेच म्हणाले.

हुशार मुलगी होती. एवढ्या झटकन उत्तर आलं म्हणजे काय, ते तिला कळलं. तिनं तक्ता खाली ठेवला.

"दहाचा कुणी ठरवला?"

पडवीत आतल्या कात्रीचा आवाज येत होता. अण्णांनी माझ्याकडं बघितलं नाही. मी वाट बघत होते, एकदा तरी बघतील; डोळ्यांनी म्हणतील, सांग आता. त्यांनी माझ्या बाजूला मान वळवायची सुद्धा टाळली.

"मी ठरवला," ते म्हणाले.

"का?"

"स्वल्प घाई होती त्या दिवशी."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. सतरा वर्षांच्या पोरीनं मामाकडं तसं बघू नये, पण तिचं काय चुकलं. मग ती "सरी" म्हणाली आणि तक्ता उचलून आत गेली. त्या दिवसानंतर ती पाटी घेऊन मामाजवळ कधी बसली नाही. अण्णा गेले तोवर सहा वर्षं ती त्यांच्याशी बोलायची ती भाजी काय आणायची आणि औषध घेतलं का, एवढंच.

मी पेल्यातली कॉफी संपवली. अनुसूयाक्कांनी आतून विचारलं, अजून देऊ का, तर हो म्हटलं. विमला आता साठीकडं झुकली आहे, वर्षातून दोनदा भेटते, मला मावशी म्हणते. परिशेच्या दिवशी घाई कुणाला होती, ते मी तिला अजून सांगितलेलं नाही.